संकेतस्थळाची बँडविड्थ कशी मोजावी?

महापरिनिर्वाणदिनी, ६ डिसेंबरला, आपल्या शाळेचे संकेतस्थळ दुपारीच मूक झाले. दूरच्या माजी विद्यार्थ्यांना अभिवादनाची छायाचित्रे दिसली नाहीत. चूक आमच्या हिशेबाची होती.

समजा, एक पान २ एमबीचे आहे, प्रत्येक जण ३ पाने पाहतो आणि रोज ५,००० जण येतात. तर ३० दिवसांत ९०० जीबी लागतात. आम्ही इथेच थांबलो होतो. हा प्रवाह सरासरीने सेकंदाला ३ मेगाबिटही भरत नाही. परंतु तेवढीच पाने पाहणारे १०,००० जण एकाच तासात आले, तर तो १३३ मेगाबिटांवर जातो. (एका बाइटचे ८ बिट, हा गुणाकार हमखास विसरला जातो.)

म्हणून मासिक आकडा दीडपट धरावा, गर्दीच्या तासाचा वेग निराळा मोजावा. छायाचित्रे हलकी करण्याचे काम आम्ही १४ एप्रिलपूर्वी हाती घेतले आहे.