ढवळ्याच्या रानातला एक दिवस

शिमगा होऊन आठ दिवस झाले होते. माझा पुतण्या महाडला कारखान्यात कामाला आहे. त्याला सुट्टी होती. तो म्हणाला, "काका, एकदा रानातला बिबट्या बघायचाय. ढवळ्याला जाऊ या."

मी म्हटले, "बिबट्या काय आपली वाट बघत बसलाय? पण चल. रान तरी बघू."

पहाटे पोलादपूर सोडले. कापडे गेले, उमरठ आले. उमरठ म्हणजे तानाजी मालुसऱ्यांचे गाव. तिथून पुढे ढवळे. समोर चंद्रगड आणि त्याच्या मागे महाबळेश्वराचा उंच कडा. हा सगळा जुना जावळीचा मुलूख. शिवाजी महाराजांनी १६५६ साली मोऱ्यांकडून जावळी घेतली. या खोऱ्यात वाटाड्या बरोबर नसला तर आजही माणूस वाट चुकतो.

आम्हांला वाटाड्या भेटला तो वरच्या वाडीतला एक धनगरबाबा. वय सत्तरीच्या घरात. खांद्यावर घोंगडी, हातात कोयता. पुतण्याने अंगाला अत्तर लावले होते. बाबांनी वास घेतला आणि ते हसले.

"हा वास डोंगरापल्याड गेला बघा, गुरुजी! जनावर आदी नाकानं बघतं, मग कानानं, आन् डोळ्यानं शेवटी. वारा आपल्या तोंडावर घ्यायचा. पाठीवर नाही."

म्हणजे काय, ते समजून घ्या. वारा आपल्या पाठीकडून पुढे जात असेल, तर आपला वास आपल्या आधी जनावरापर्यंत पोचतो. ते निघून जाते. आपल्याला वाटते, रान रिकामे आहे. पुतण्याने ओढ्यावर अंग धुतले. मोबाईलचा आवाज बंद केला. मग आम्ही चालू लागलो.

ओढ्याच्या ओल्या वाळूत पहिला ठसा दिसला. मी म्हणालो, "कुत्र्याचा."

बाबांनी मान हलवली. "नखं कुठं हायत?"

खरेच, ठशात नखे नव्हती. कुत्रा चालतो तेव्हा त्याच्या नखांच्या खुणा बोटांपुढे उमटतात. मांजराच्या जातीतली जनावरे चालताना नखे आत ओढून घेतात. चार गोल बोटे आणि मागे रुंद गादी असा तो ठसा होता. बिबट्या! आपल्याकडे म्हातारी माणसे बिबट्यालाही वाघच म्हणतात. पट्ट्यांचा वाघ वेगळा, ठिपक्यांचा बिबट्या वेगळा.

"रात्री गेलाय," बाबा म्हणाले. ठशाखाली एक पान दबलेले होते. दुसरे पान ठशावर पडलेले होते, ते दबलेले नव्हते. म्हणजे जनावर गेल्यावर ते पडले. मी चाळीस वर्षे पोरांना वाचायला शिकवले, पण ही दोन पाने मला वाचता आली नसती.

जरा पुढे भेकराचे खूर दिसले. दोन टोकदार फाकळ्या, जेमतेम दोन बोटांएवढ्या. भेकर हे लहान हरीण. ते कुत्र्यासारखे भुंकते.

मग ऐनाच्या झाडावर, उंच बेचक्यात, काटक्यांचा आणि पानांचा एक मोठा गोळा दिसला. पुतण्याला वाटले, घारीचे घरटे. ते शेकराचे घर होते. शेकरू म्हणजे झाडावरची मोठी खार. पाठ तांबूस तपकिरी, पोट फिकट, शेपूट अंगापेक्षा लांब. हा आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी. एकच शेकरू बरीच घरे बांधते. एका घरात धोका वाटला, तर दुसऱ्यात जाते. ते जमिनीवर क्वचितच उतरते. या झाडावरून त्या झाडावर वीस फुटांपर्यंत उडी घेते. म्हणून फांदीला फांदी लागलेली असावी लागते. कोणी विडी टाकतो, कोणी गवत चांगले यावे म्हणून वणवा लावतो, आणि मधली झाडे जळतात. मग शेकराला खाली उतरावे लागते. खाली कुत्री असतात.

आम्ही अर्धा तास गप्प बसलो. पुतण्या दोनदा उठू लागला, बाबांनी दोनदा त्याचा सदरा ओढला. शेवटी वरून "चक् चक् चक्" असा आवाज आला आणि शेकरू दिसले. शेपूट खाली सोडून ते आमच्याकडे बघत होते. पुतण्या फोटो काढायचे विसरला!

दुपारी खिंडीच्या बाजूला भेकर भुंकले. एकदा, परत, परत. लगेच वानर "खोक् खोक्" करू लागले. बाबा हळूच बोलले, "तो हाय." खूप वेळ आम्ही झाडीकडे बघत राहिलो. काही दिसले नाही. भेकर गप्प झाले, वानरही शांत झाले.

परतताना करवंदीच्या जाळीखाली हाडे दिसली. बाबा थांबले.

"ही माझी पाडी."

गेल्या मार्गशीर्षात बिबट्याने ती मारली. ती तीन महिन्यांत विणार होती. वास सुटेल म्हणून बाबांनी ती गोठ्यापासून ओढत इथे आणून टाकली. पूर्वी गिधाडे एका दिवसात साफ करीत, आता ती फिरकत नाहीत. गुरांना ताप-सूज आली की डायक्लोफेनॅक नावाचे औषध देत. तसे गुरू मेले आणि गिधाडाने खाल्ले, की गिधाडाचे मूत्रपिंड बिघडे आणि ते मरे. पांढऱ्या पाठीची गिधाडे शंभरातली नव्याण्णवाहून जास्त अशी गेली. २००६ साली गुरांसाठी ते औषध बंद झाले. गुरांच्या डॉक्टरांकडे मेलॉक्सिकॅम मागावे, त्याने गिधाडे मरत नाहीत.

"भरपाई मिळाली?" मी विचारले.

"बारा दिवसांनी गेलो. तवर काय उरलं होतं दाखवायला? एक जण म्हणाला, मढ्यात इख घाल. म्या नाही घातलं. इख कोण खाईल, काय सांगावं? माझाच कुत्रा मेला असता."

बाबांनी विष घातले नाही हे फार बरे केले. बिबट्याला मारणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, त्याला तुरुंग आहे. पण पाडीची भरपाई सरकार देते. त्यासाठी मेलेले जनावर हलवायचे नाही. ४८ तासांच्या आत वनरक्षकाला किंवा वनखात्याच्या कचेरीत कळवायचे. पंचनामा होईपर्यंत सगळे जागच्या जागी ठेवायचे. बाबांना यातले एकही कोणी सांगितले नव्हते.

संध्याकाळी त्यांच्या पडवीत बसून आम्ही एक अर्ज लिहून ठेवला. मोठ्या अक्षरात. तुम्हीही उतरवून घ्या:

मा. वनक्षेत्रपाल यांस,
माझे नाव ............ गाव ............
दिनांक ............ रोजी ............ या ठिकाणी बिबट्याने माझी गाय / म्हैस / पाडी / शेळी मारली. जनावर जागेवरच ठेवले आहे. पंचनामा करून भरपाई मिळावी, ही विनंती.
सही / अंगठा

पुतण्याने तो दोनदा वाचून दाखवला. बाबांनी कागद हातात घेऊन मोकळ्या जागांवर बोट ठेवले.

"हितं काय लिवायचं?"

"तारीख. जनावर मेलं त्या दिवसाची."

"म्हंजे तवा गुरुजी नसणार." बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग घोंगडी सारखी करून म्हणाले, "आकडे शिकवा मला."

चुलीतला कोळसा घेतला आणि पडवीतल्या फरशीवर सुरुवात केली. पोलादपुरास परत निघेपर्यंत पाचापर्यंत झाले होते.