काळा धागा, पांढरा धागा : शब्द आणि त्याचा आशय

विश्रामबागेतील एखाद्या घरी मूल शाळेतून येते आणि म्हणते, "पोटात कावळे ओरडत आहेत." आई ताट वाढते, कावळे शोधत नाही. २०१९ च्या महापुरात सांगली रात्रभर जागी होती, असे आपण म्हणतो. जागी होती ती माणसे, हे कोणाला समजावावे लागत नाही. शब्दाच्या सरळ अर्थाला मराठीत वाच्यार्थ आणि अशा वळणाच्या अर्थाला लक्ष्यार्थ म्हणतात. अरबीत हेच हकीकत आणि मजाज होय. तेच मूल पवित्र कुरआनचे भाषांतर वाचू लागते तेव्हा मात्र अडखळते. सूरह यूसुफच्या ८२ व्या आयतीत बंधू आपल्या पित्याला त्या वस्तीलाच विचारून पाहण्यास सांगतात. वस्ती कशी बोलेल?

असा प्रश्न पडणे हा दोष नव्हे. सूरह अल-बकराच्या १८७ व्या आयतीत, पहाटेचा पांढरा धागा काळ्या धाग्यापासून वेगळा दिसेपर्यंत खाण्यापिण्याची मुभा आहे. आदरणीय अदी बिन हातिम (रजि.) यांनी उशीखाली एक काळी व एक पांढरी दोरी ठेवली. रात्री ते पाहत राहिले. पण फरक दिसेना. सकाळी त्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना हे सांगितले. ती उशी फारच रुंद असली पाहिजे, असे विनोदाने म्हणून प्रेषितांनी खुलासा केला की, अभिप्रेत आहे तो रात्रीचा अंधार आणि दिवसाचा उजेड. झिडकारणे नाही, उपहास नाही. आपण मुलांशी असेच वागतो काय?

प्रेषितपत्नींचा प्रसंगही असाच आहे. जिचा हात सर्वांत लांब, ती सर्वप्रथम मला येऊन मिळेल, असे प्रेषितांनी सांगितले होते. त्यांनी हात मोजून पाहिले. प्रेषितांनंतर प्रथम निधन झाले ते आदरणीय जैनब बिन्ते जहश (रजि.) यांचे. त्या स्वतःच्या हातांनी काम करून दानधर्म करीत. तेव्हा उलगडले की, लांब हात म्हणजे दानशूरता. मराठीत आपण 'सढळ हात' म्हणतो, तसेच हे.

मुलांना तीन प्रश्न विचारावयास शिकवावे. सरळ अर्थ येथे संभवतो काय? मागचेपुढचे शब्द कोणती खूण देतात? प्रेषितांनी आणि सहाबांनी याचा काय अर्थ घेतला?

मात्र दुसऱ्या टोकाचा धोका अधिक मोठा आहे. सबळ खूण नसेल तर शब्द सरळ अर्थानेच घ्यावयाचा, हा विद्वानांचा नियम आहे. नमाज म्हणजे केवळ मनाची शुद्धता, जकात म्हणजे नुसती सहानुभूती, असे म्हणणारा अलंकार समजून घेत नाही. तो कर्तव्यातून पळवाट काढतो. दोरी उशीखाली ठेवणाऱ्याची चूक आज्ञापालनाच्या ओढीतून झाली होती, म्हणून ती एका वाक्यात दुरुस्त झाली. पळवाट शोधणाऱ्याला कोण समजावणार?

अल्लाह आपणास व आपल्या मुलाबाळांना त्याच्या वाणीची योग्य समज देवो. आमीन.