काचपट्टी बघण्याआधी

सेलूत लॅब चालवताना साखर नि थायरॉईड यंत्रावर सोडता येतं. जंत, अमिबा आणि हिवताप अजून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावूनच शोधावे लागतात. पण या तपासण्या फसतात त्या बहुतेक वेळा काचपट्टी डोळ्यांखाली येण्याआधीच. त्यातून सुचलेलं थोडं लिहितो.

१. नुसती डबी हातात देऊ नये, सोबत दोन वाक्यं द्यावीत. संडासच्या नमुन्यात लघवी मिसळली किंवा पाणी पडलं की जिवंत अमिबा मरतो. जुलाब पातळ असतील तर नमुना अर्ध्या तासात बघायला हवा, कारण हलणारा अमिबा तेवढाच वेळ ओळखू येतो. वालूरहून एसटीत डबी घेऊन येणाऱ्या माणसाला मी म्हणतो, "भाऊ, पातळ होत असेल तर इथंच येऊन द्या." घट्ट नमुन्यातले सिस्ट, म्हणजे अमिबाची कवचातली रूपं, चिवट असतात, त्यांना प्रवास चालतो.

२. एका नमुन्यावर भागत नाही. जिआर्डिया रोज बाहेर पडतोच असं नाही, म्हणून दिवसाआड तीन नमुने मागतात. "तीनदा कोण आणतंय?" हे उत्तर ठरलेलं. सोयाबीन काढणीच्या दिवसांत तर तेही कुणी देत नाही. मग एकाच नमुन्यावर रिपोर्ट द्यावा लागला तर ते मी त्यावर स्वच्छ लिहितो. आणि गोळी घेण्याआधी नमुना द्या. आधी औषध, मग तपासणी, असा उलटा क्रम आपल्याकडे फार.

३. अमिबाचा शिक्का फार स्वस्त झालाय. पोट दुखलं की "ई. हिस्टोलिटिका सिस्ट" लिहिलेला कागद तयार! वास्तविक पिकलेल्या सिस्टमध्ये चार केंद्रकं असतात. आठ दिसली तर तो बिनत्रासाचा एंटअमिबा कोलाय. त्यातही एंटअमिबा डिस्पार नावाचा निरुपद्रवी भाऊ दिसायला हुबेहूब सारखा, सूक्ष्मदर्शकातून दोघांत फरक करता येत नाही. त्यासाठी अँटिजेनची तपासणी किंवा पीसीआर लागते आणि नमुना मोठ्या शहरात पाठवावा लागतो. हलत्या अमिबाच्या पोटात गिळलेल्या तांबड्या पेशी दिसल्या तर मात्र फारशी शंका उरत नाही. एवढं बघायला वेळ लागतो नि गिऱ्हाईक बाकावर बसलेलं असतं. तरी मी बसवून ठेवतो.

आयोडीनचा थेंब इथं कामाचा. केंद्रकं उठून दिसतात आणि न पचलेला स्टार्च निळाकाळा होऊन स्वतःच बाजूला होतो. परागकण, भाजीचे तंतू, हवेचे बुडबुडे या सगळ्यांना कुणी ना कुणी अंडं ठरवलेलं आहे. केळं भरवलेल्या लेकराच्या संडासात बारीक काळे धागे दिसतात. आई घाबरून डबी घेऊन येते. ते केळ्याचेच असतात.

४. मिठाचं पाणी सगळं वर आणत नाही. विरघळायचं थांबेपर्यंत मीठ घातलं की हुकवर्मची अंडी छान तरंगतात. गोलजंताची फलन न झालेली अंडी आणि काही पट्टकृमींची अंडी तळाशीच राहतात. तिथं फॉर्मॅलिन-ईथर घालून सेंट्रिफ्यूज फिरवावं आणि गाळ बघावा.

५. रात्री ढुंगण खाजवणाऱ्या पोराची संडास तपासून काही मिळत नाही. पिनवर्मची मादी रात्री गुदद्वाराबाहेर येऊन अंडी घालते. सकाळी उठल्याबरोबर, धुण्याआधी, पारदर्शक चिकटपट्टी तिथं दाबायची आणि काचेवर लावून आणायची.

६. थंडीतापाला एकाच काचेवर दोन थर घ्या. जाड थरात रक्त जास्त, म्हणून जंतू लवकर सापडतो. पातळ थरात तो कोणत्या जातीचा ते कळतं. व्हायवॅक्सने धरलेली पेशी फुगते, फाल्सिपॅरमची पुढची अवस्था चंद्रकोरीसारखी दिसते. पातळ थर मिथेनॉलने पक्का करायचा, पण जाड थराला मिथेनॉल लागू द्यायचं नाही, नाहीतर तांबडा रंग निघत नाही नि काही दिसत नाही. वाळत ठेवलेली काच झाका, माश्या जाड थर खाऊन टाकतात. रंगासाठी आपल्याकडे जेएसबी वापरतात. जसवंत सिंग आणि भट्टाचार्जी यांनी तो १९४४ मध्ये दिला. शंभर क्षेत्रं बघितल्याशिवाय "नाही" लिहू नये.

घाई होते तेव्हा मला रोनाल्ड रॉस आठवतात. आपल्या स्टेशनातून जाणारी गाडी जिथं पोचते त्या सिकंदराबादला त्यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी डासाच्या पोटाच्या भिंतीत हिवतापाचा जंतू पाहिला. डास उडून जाऊ नयेत म्हणून पंखा बंद, घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजलेले, भिंगाला तडा. हुसेन खान नावाच्या रुग्णाला चावणाऱ्या प्रत्येक डासामागे एक आणा मिळत होता.

हिवतापाची किट झटपट आहे, वापरावीच. पण तिच्यावरची फाल्सिपॅरमच्या एचआरपी-२ प्रथिनाची रेघ ताप बरा झाल्यावरही काही आठवडे उमटत राहते. औषध लागू पडलं की नाही ते काचपट्टीवरच बघावं.

७. हत्तीरोगाचं रक्त दिवसा घेऊन उपयोग नाही. त्याचे सूक्ष्म जंत रात्री कातडीजवळच्या रक्तात येतात, म्हणून शेजारच्या नांदेड जिल्ह्यात सरकारी पथकं रात्री दारं ठोठावतात. झोपमोड झालेली माणसं चिडतात. आता अँटिजेनची पट्टी दिवसाही चालते.

८. काही परजीवी डबीत येतच नाहीत. कुत्र्याच्या पट्टकृमीची विष्ठेतून माणसाच्या पोटात गेलेली अंडी यकृतात पाण्याच्या गाठी करतात. मेंढ्या-कुत्र्यांबरोबर राहणाऱ्यांना हा धोका जास्त. तिथं आधी सोनोग्राफी, मग रक्ताची एलायझा. डुकराच्या पट्टकृमीची अंडी नीट न धुतलेल्या भाजीतून शाकाहारी माणसाच्याही पोटात जातात आणि त्यांतल्या अळ्या मेंदूत पोचतात, मोठ्या वयात पहिल्यांदा झटका आला की सीटी नाहीतर एमआरआय लागतो. अशा माणसाच्या चिठ्ठीवर फक्त "संडास तपासणी" असेल तर मी डबी देण्याआधी डॉक्टरांना फोन लावतो. कधी ते रागावतात, बहुतेकदा चिठ्ठी बदलून देतात.