वेगवान ब्राउझर कोणता?

मोबाईलवरील ब्राउझरांची तुलना करताना एक गोष्ट बहुधा निसटते. पान उघडण्याचा वेळ दोन ठिकाणी खर्च होतो: मजकूर फोनपर्यंत येण्यात आणि आलेली जावास्क्रिप्ट फोनने चालवण्यात. २०२४ मध्ये अ‍ॅपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट व मोझिला यांनी मिळून काढलेली ‘स्पीडोमीटर ३’ ही चाचणी नेटवर्कचा वेग मोजतच नाही. आमच्या गावी रेंजची एकच काडी येते. तेथे तिच्या गुणांचा उपयोग किती?

ऑपेरा मिनीची युक्ती निराळी. जास्तीत जास्त डेटा वाचवण्याच्या पद्धतीत त्याचा सर्व्हर पान आधी स्वतः उघडतो व आवळून धाडतो. बातम्या झटकन दिसतात. परंतु जावास्क्रिप्ट बहुतांशी सर्व्हरवरच चालत असल्याने, पुढे फोनवर काही घडायचे असेल तर घोडे अडते. शिष्यवृत्तीच्या अर्जात जिल्हा निवडल्यावर तालुक्यांची यादी यावी लागते. नेमकी तीच येत नाही. (घरात विचारावे असे कोणी नाही. वडील म्हणतात, “तूच बघ.”) येथे क्रोम किंवा फायरफॉक्सच हवा, सावकाश का होईना.

म्हणून मी वाचन ऑपेरा मिनीवर करतो. अर्ज मात्र क्रोमवर भरतो, तोही पहाटे, नेटवर्क मोकळे असताना.