चंद्रशेखर यांचा उजवा हात

कसोटी सामना पाच दिवस चालतो. दोन्ही संघ दोन-दोन डाव खेळतात. आपला संघ पहिली कसोटी १९३२ साली खेळला, ती इंग्लंडात. पण तिथं एक सामना जिंकायला १९७१ साल उजाडावं लागलं!

त्या वर्षी अजित वाडेकर कप्तान होते. वेस्ट इंडीजला हरवून आपला संघ इंग्लंडात आला होता. दोन कसोट्यांचा निकाल लागला नाही. तिसरी लंडनला, ओव्हल मैदानावर झाली. पहिल्या डावात आपण ७१ धावांनी मागं पडलो.

मग म्हैसूरच्या चंद्रशेखरांनी चेंडू घेतला. लहानपणी पोलिओ झाल्यानं त्यांचा उजवा हात बारीक राहिला होता. अडवलेला चेंडू ते डाव्या हातानं फेकत. पण फिरकी टाकायची ती उजव्यानंच! ती फिरकी फार वेगानं येई. चेंडू कुठं वळेल, फलंदाजाला कळेना. ३८ धावांत त्यांनी ६ गडी बाद केले. इंग्लंडचा डाव १०१ धावांत आटोपला.

आता १७३ धावा हव्या होत्या. शेवटचा दिवस २४ ऑगस्ट, गणेश चतुर्थीचा. लंडनच्या आपल्या लोकांनी मैदानावर हत्तीणसुद्धा आणली होती. सकाळीच वाडेकर धावचीत झाले. आम्हांला वाटलं, गेलं सगळं. पण गोव्याचे सरदेसाई आणि विश्वनाथ यांनी घाई केली नाही. सहा गडी गेले. शेवटी अबिद अली आले आणि त्यांनी चौकार हाणला.