भीड न धरणारा पंच

शास्त्रवाचन : लेवीय १९:१५, १ राजे २०:१-११, याकोब २:१-९



जयपूरच्या जंतरमंतरातील सम्राट यंत्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात उभारलेले हे सूर्यघड्याळ सुमारे २७ मीटर उंच आहे. त्याची सावली राजासाठी घाईने पुढे सरकत नाही, की रंकासाठी मागे रेंगाळत नाही. न्याय असाच असावा, अशी देवाची अपेक्षा आहे. परंतु दगडाला नातीगोती नसतात, माणसाला असतात. म्हणून निःपक्षपाताची किंमत माणसालाच मोजावी लागते. फुटबॉलच्या मैदानावर ती मोजणाऱ्या एका पंचाचे चरित्र आज अभ्यासू या.

१. बाजूला होणे

फ्रान्सिस मरिंडिन यांचा जन्म १८३८ साली इंग्लंडमध्ये एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. ईटन येथे शिकून ते सैन्याच्या इंजिनिअर दलात अधिकारी झाले. या दलाच्या फुटबॉल संघाचे ते आधारस्तंभ होते. एफ. ए. चषकाच्या १८७२ व १८७४ च्या अंतिम सामन्यांत ते खेळले आणि दोन्ही वेळा हरले. १८७५ साली त्यांचा संघ पुन्हा अंतिम फेरीत आला. पण समोर होता ईटनच्या माजी विद्यार्थ्यांचा संघ. एकीकडे आपले दल, दुसरीकडे आपली शाळा. मरिंडिन कोणाच्याच बाजूने उतरले नाहीत, असे सांगतात. त्याच वर्षी इंजिनिअर्सनी चषक जिंकला. विजेत्याचा मान मरिंडिन यांच्या हातून निसटला तो कायमचा.

२. स्पष्ट बोलणे

१८७४ ते १८९० ही सोळा वर्षे ते इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष होते. त्या काळी प्रत्येक संघ आपापला पंच आणी. त्यांचे एकमत न झाल्यास मुख्य पंच निर्णय देई. १८८० साली एकदा आणि पुढे १८८४ पासून सलग सात वर्षे अंतिम सामन्यात हे काम मरिंडिन यांनी केले. १८८८ साली बलाढ्य प्रेस्टन संघाने, कपडे मळण्यापूर्वी चषकासह छायाचित्र काढू द्यावे, अशी विनंती केली. आधी चषक जिंकून घ्यावा हे बरे, असे त्यांनी सुनावले. प्रेस्टन संघ हरला! चिलखत चढवणाऱ्याने ते उतरवणाऱ्यासारखी बढाई मारू नये, या अर्थाचे उत्तर अहाबानेही बेन-हदादाला दिले होते.

३. खोलवर पाहणे

१८७७ पासून मरिंडिन सरकारचे रेल्वे निरीक्षक होते. १८९२ साली थर्स्कजवळ झालेल्या अपघातात दहा माणसे दगावली. सिग्नलवाल्याला डुलकी लागली होती. पण त्याचे तान्हे मूल नुकतेच वारले होते, त्याला झोप मिळाली नव्हती, आणि बदली माणूस मागूनही वरिष्ठांनी दिला नव्हता. या अपघाताची चौकशी मरिंडिन यांच्याकडे होती. न्यायालयाने सिग्नलवाल्याला दोषी ठरवले, तरी शिक्षा न करता सोडून दिले. दोष लपवला नाही आणि दुःखही दुर्लक्षिले नाही. तोंड न पाहता केलेला न्याय निर्दय असतोच असे नाही.

४. आपल्यासाठी बोध

मंडळीच्या पंचायतीत आपल्याच भावाचा किंवा जावयाचा प्रश्न आला, तर आपण खुर्ची सोडतो काय? वर्गणी मोठी देणाऱ्याचा अपराध आपल्याला लहान दिसतो काय? याकोब अंगठीवाल्याला मानाची जागा देणाऱ्या मंडळीला दोष देतो. आणि मोशेचे नियमशास्त्र आणखी पुढे जाते : श्रीमंताची भीड नको, तशी गरिबाचीही नको. दया आपल्या पदरची द्यावी. दुसऱ्याचा हक्क कापून देऊ नये.

मरिंडिन १९०० साली वारले. पंचांचे निर्णय मैदानावरच संपतात. परंतु आपल्या प्रत्येक निवाड्याचा हिशेब त्या नीतिमान न्यायाधीशापुढे द्यावयाचा आहे, ज्याने आपल्या पापांचा दंड स्वतः सोसला.

मननासाठी प्रश्न

१. न्याय करताना मला सर्वांत अधिक कोणाची भीड वाटते?
२. सत्यासाठी कोणता मान सोडण्यास मी तयार आहे?
३. एखाद्याला दोष देण्यापूर्वी त्याची परिस्थिती मी विचारली आहे काय?