सीमेवरचा विद्यार्थी आणि विश्वविद्यालयातील इंग्रजी

मध्य प्रदेशातील पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके महाराष्ट्राच्या सीमेला लागून आहेत. घरात मराठी, शाळेत व कचेरीत हिंदी आणि पुढे विश्वविद्यालयात इंग्रजी, अशा तीन पायऱ्या येथील अनेक विद्यार्थ्यांना चढाव्या लागतात. पहिल्या दोन पायऱ्या ते सहज चढतात. तिसऱ्या पायरीवर मात्र हुशार मुलामुलींचीही पावले अडखळतात. विषय समजलेला असतो, उत्तरही ठाऊक असते; परंतु चर्चासत्रात बोलण्याची वेळ आली की ती मागच्या बाकावर सरकतात, आणि निबंध लिहावयाचा झाल्यास मार्गदर्शिकेतील उतारे जसेच्या तसे उतरवून काढतात. ही बुद्धीची उणीव नव्हे. अभ्यासाचे इंग्रजी ही एक रीत आहे, ती शिकविता येते व शिकता येते. ती शिकविण्याची व्यवस्था पुरेशी नसणे हे या अडचणीचे खरे कारण होय.

प्रश्नाची पार्श्वभूमी

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, तोपर्यंत या भागाची राजधानी नागपूर होती. त्यानंतर नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा, पर्यायाने पांढुर्णा व सौंसर, भोपाळ राजधानी असलेल्या नव्या मध्य प्रदेशात राहिले. संत्री आणि कापूस यांचा नागपूरशी संबंध टिकून राहिला. शिक्षणाची भाषा मात्र हिंदी झाली. २०१९ मध्ये छिंदवाडा येथे विश्वविद्यालय स्थापन झाले. त्यास आता राजा शंकर शाह यांचे नाव आहे. २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. उच्च शिक्षण अशा रीतीने गावाच्या जवळ आले आहे.

ऑक्टोबर २०२२ मध्ये मध्य प्रदेशात वैद्यकीय अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तके प्रकाशित झाली. स्वभाषेतून उच्च ज्ञान मिळावे, ही दिशा योग्यच आहे. तथापि त्या पुस्तकांतही अनेक शास्त्रीय संज्ञा इंग्रजीच ठेवाव्या लागल्या, आणि जगातील संशोधनाचा मोठा भाग आजही इंग्रजीतूनच प्रसिद्ध होतो. म्हणून स्वभाषेचा अभिमान बाळगूनही इंग्रजीतून लिहिणे व बोलणे विद्यार्थ्याला टाळता येत नाही.

शंभर वर्षांपूर्वीचा धडा

हे काम आपल्या मुलांच्या आवाक्यातील आहे काय, अशी शंका पालकांना येते. तिचे उत्तर इतिहासात आहे. आजच्या मध्य प्रदेशातील महू येथे १८९१ मध्ये जन्मलेल्या भीमराव आंबेडकरांची मातृभाषा मराठी होती. त्यांच्या वडिलांनी बालपणी त्यांच्याकडून तर्खडकरांची भाषांतर पाठमाला करवून घेतली होती. ९ मे १९१६ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भारतातील जातिसंस्थेवर इंग्रजी निबंध वाचला. मे १९१७ मध्ये तो ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात छापला गेला.

त्या निबंधाची मांडणी आजच्या विद्यार्थ्याने अभ्यासण्यासारखी आहे. त्यात आधी सेनार, नेस्फील्ड, रिस्ले आणि केतकर या चार अभ्यासकांच्या जातीविषयीच्या व्याख्या मांडल्या आहेत. त्यांत काय घेण्यासारखे आहे आणि काय अपुरे आहे, हे त्यांनी सांगितले आहे. नंतर जातीच्या आतच विवाह करण्याची प्रथा हे जातीचे मूळ लक्षण होय, हा स्वतःचा सिद्धांत ठेवून त्यावरून सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह या रूढींचा उलगडा केला आहे. आधी इतरांचे म्हणणे, मग त्याची तपासणी, मग आपला मुद्दा आणि त्याची कारणे, हा क्रम सर्वच विषयांत उपयोगी पडतो.

यातील केतकर म्हणजे रायपूर येथे जन्मलेले श्रीधर व्यंकटेश केतकर. तेही अमेरिकेत शिकले आणि १९०९ मध्ये त्यांनी जातिसंस्थेच्या इतिहासावर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. केतकरांनी जातीची दोन लक्षणे सांगितली होती. ती वस्तुतः एकच आहेत, असे आंबेडकरांनी दाखविले. मात्र इतर तिघांपेक्षा केतकरांची व्याख्या विचारार्ह आहे, हेही नमूद केले. ज्येष्ठांचा अनादर न करता कारणे देऊन मतभेद कसा मांडावा, याचा हा नमुना होय. पुढे केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड मराठीत सिद्ध केले. इंग्रजीत मिळविलेली विद्या स्वभाषेला कशी परत देता येते, हे त्यावरून दिसते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. रुपयाच्या प्रश्नावरील आंबेडकरांचा लंडन विद्यापीठातील प्रबंध परीक्षकांच्या आक्षेपांनंतर त्यांना पुन्हा लिहून द्यावा लागला आणि १९२३ मध्ये त्यांना पदवी मिळाली. पुनर्लेखन करावे लागणे ही नामुष्की नव्हे. ते लेखनाचेच एक अंग आहे.

परिच्छेद कसा बांधावा

अभ्यासपर लेखनाची वीट म्हणजे परिच्छेद. एका परिच्छेदात एकच मुद्दा असावा व तो पहिल्या वाक्यातच सांगावा. संत्र्यावर निबंध लिहिताना ‘प्राचीन काळापासून संत्रे हे मानवाचे आवडते फळ आहे’ असा प्रारंभ केल्यास वाचकास काहीच कळत नाही. त्याऐवजी ‘संत्र्याच्या मृग बहाराची वेळ पावसाच्या आगमनावर अवलंबून असते’ असे विधान करावे. मग आधार द्यावा: उन्हाळ्यात पाणी तोडून झाडास ताण देतात, जून-जुलैत पाऊस पडला की फुले येतात, आणि फळे फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत तोडणीस येतात. शेवटी मर्यादा सांगावी: आंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो व ओलितावर पोसला जातो, म्हणून त्यास हे विधान लागू नाही. विधान, आधार आणि मर्यादा ही तीन अंगे मराठीत जमली की ती इंग्रजीत उतरविणे सोपे जाते.

भाषांतर करताना वाक्यरचनेतील फरक ध्यानात ठेवावा. मराठी व हिंदीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, इंग्रजीत ते सामान्यतः कर्त्यामागोमाग येते. मराठीत विभक्तीचे प्रत्यय व शब्दयोगी अव्यये नामाच्या मागून येतात, इंग्रजीतील संबंधदर्शक शब्द नामाच्या आधी येतात. इंग्रजी नामापूर्वीच्या ‘अ’ आणि ‘द’ या उपपदांसारखी शब्दांची जोडी मराठीत नसल्याने तेथे चुका होणारच. त्या सरावाने कमी होतात. त्यांच्या भीतीने लेखणी खाली ठेवू नये.

दुसऱ्याचे शब्द, आपले शब्द

पुस्तकातील मजकूर स्वतःच्या नावावर उतरविणे हे वाङ्मयचौर्य होय. विश्वविद्यालय अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार प्रबंधात १० टक्क्यांहून अधिक व ४० टक्क्यांपर्यंत साम्य आढळल्यास तो सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावा लागतो. साम्य त्याहून अधिक असल्यास कारवाई कठोर होते. हा दोष टाळण्याचा साधा उपाय असा: उतारा वाचावा, पुस्तक मिटावे, त्यातील आशय मराठीत दोन वाक्यांत लिहावा आणि मग त्या वाक्यांवरून इंग्रजी लिहावे. मूळ लेखकाचे नाव व वर्ष मात्र त्याच वेळी टिपून ठेवावे.

तोंडी सादरीकरण

पाठ केलेले भाषण एक शब्द विसरताच कोसळते. म्हणून पूर्ण मजकूर पाठ न करता मुद्दे एका कागदावर लिहावेत आणि पहिले व शेवटचे वाक्य तेवढे पक्के करावे. दहा मिनिटांत तीनच मुद्दे नीट सांगता येतात. मिनिटास सुमारे १०० ते १२० शब्द, हा वेग ऐकणाऱ्यास सोयीचा असतो. पडद्यावर चित्र किंवा आकडे दाखवावेत. तेथील वाक्येच वाचून दाखवू नयेत. प्रश्न समजला नाही तर तो पुन्हा विचारण्याची विनंती करणे शिष्टाचाराला धरूनच आहे.

उच्चारांचीही धास्ती नको. ‘जेवण’ आणि ‘जागा’ या शब्दांतील ‘ज’ निराळे आहेत. दुसरा उच्चार इंग्रजी ‘झिरो’च्या आरंभीच्या ध्वनीला जवळचा असल्याने मराठी मुलास तो जड जात नाही. खरे लक्ष आघाताकडे द्यावे. ‘रेकॉर्ड’ हा शब्द नाम असता आघात पहिल्या अवयवावर, तर क्रियापद असता दुसऱ्यावर येतो. असे शब्द शब्दकोशात पाहून मोठ्याने म्हणावेत.

शाळा व गाव यांचे कार्य

या शिक्षणाची सुरुवात विश्वविद्यालयात होऊन चालणार नाही. माध्यमिक शाळेत आठवड्यातून एक तास राखून ठेवता येईल. त्यात प्रत्येक विद्यार्थ्याने आळीपाळीने तीन मिनिटे बोलावे. प्रथम मराठीत, काही महिन्यांनी हिंदीत आणि नंतर इंग्रजीत. विषय परिचित असावेत: विहिरीचे पाणी, कापसाची वेचणी, जाम नदीचा पूर. शिक्षकांनी बोलण्याच्या मध्येच चुका काढू नयेत; शेवटी दोनच चुका सांगाव्यात. ग्रामपंचायतीने वाचनालयासाठी एक चांगला इंग्रजी-मराठी शब्दकोश घ्यावा, आणि महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींनी सुटीत गावी आल्यावर आपला निबंध गावकऱ्यांना मराठीत समजावून सांगावा. जो विषय आईवडिलांना मराठीत समजावून देता येतो, तो चर्चासत्रात इंग्रजीत मांडताना विद्यार्थ्याला निदान काय सांगावयाचे आहे याची शंका उरत नाही, आणि मागच्या बाकावरून उठण्याचे बळ त्यातूनच येते.